दोन दिवस नाशकात, खिशाला झळ न लावता

प्रश्न असा आहे: अकोल्याच्या एक ताई शनिवारी सकाळी नाशिक रोडला उतरणार आहेत आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जाणार आहेत. सोबत सासू-सासरे आणि दहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांनी पासष्टी ओलांडली आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. खर्च बेताचा ठेवून नाशिक नीट पाहायचं आहे, तर फुकटात किंवा थोडक्या पैशांत काय काय जमेल, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, जुन्या नाशकातून आणि लेण्यांतून पाहुण्यांना पायी फिरवणं हेच माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नाशकात बघण्यासारखं जे जे आहे त्यातल्या बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. पैसे जातात ते वाहनात. गंगाघाट म्हणजे गोदावरीचा घाट एका बाजूला, लेणी दुसऱ्या टोकाला, त्र्यंबक पश्चिमेला, सिन्नर आग्नेयेला, आणि रेल्वे स्टेशन मूळ गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब. एका दिवसात हे सगळं उरकायला निघालात की दिवसभराची गाडी करावी लागते, आणि मग प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं थांबून पुढे पळायचं. तसं करू नका. शनिवार पूर्ण नदीकाठासाठी ठेवा, रविवारी एकच दिशा धरा.

उतरायचं पंचवटीत. तिथे धर्मशाळा आणि साधे लॉज भरपूर आहेत आणि शनिवारचं जवळजवळ सगळं फिरणं तिथून पायी होतं. स्टेशनजवळ राहिलात तर खोलीत वाचलेले पैसे रिक्षात जातील. स्टेशनबाहेरून निमाणीला जाणारी सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, बस घ्या. निमाणी म्हणजे पंचवटीतलाच बस थांबा. शेअर रिक्षा द्वारका, शालिमारपर्यंत नेतात, पण सामान आणि वडीलधारी माणसं असताना बसच बरी. स्वतंत्र रिक्षा केलीत तर भाडं बसायच्या आधी ठरवा. गावाबाहेर जाताना एसटी धरा: बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. सासऱ्यांचं आधार कार्ड पिशवीत वर ठेवा, कंडक्टर मागतो. ही सवलत एसटीची आहे, शहर बसला ती गृहीत धरू नका.

सामान टाकलं की आधी रामकुंडावर जा. पंचवटी पाहायची ती सकाळी. दुपारी उन्हाने घाटाचा दगड तापतो आणि काही देवळांचे गाभारेही बंद असतात. गोदावरी इथे दक्षिणेला वळते, म्हणून या जागेचं माहात्म्य. कुणी अस्थी घेऊन आलेले असतात, कुणी नुसती बुडी मारायला आलेले, शेजारच्या पायऱ्यांवर कपडे धुणंही चालू असतं. महात्मा गांधींच्या अस्थींचा एक भाग १९४८ साली इथेच विसर्जित झाला, पलीकडच्या पाण्याला गांधी तलाव म्हणतात. घाटावर गुरुजी विचारायला येतील. काही विधी करायचा असेल तर दक्षिणा सुरुवातीलाच मोकळेपणाने ठरवा. करायचा नसेल तर हात जोडून "आज फक्त दर्शन" म्हणा, कुणी मागे लागत नाही. नुसतं पायरीवर बसून राहायला काहीच लागत नाही.

रामकुंडासमोर उंचावर कपालेश्वर आहे. पायऱ्या चढाव्या लागतात, पण मुलीला तिथे न्याच. महादेवाचं देऊळ, आणि समोर नंदी नाही. शंकराला ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्याचा मार्ग इथे नंदीने दाखवला, म्हणून तो गुरू झाला आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. आधी सांगू नका. तिला नंदी शोधू द्या, मग सांगा. सासूबाई खाली घाटावर थांबल्या तरी चालेल. तिथून नारोशंकराचं देऊळ दिसतंच. ते १७४७ मधलं. त्याच्या तटावर जी मोठी घंटा टांगली आहे ती पोर्तुगीज आहे, १७२१ साली ओतलेली. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिथून घंटा आणल्या, त्यांपैकी ही एक.

घाटावर दुतोंड्या मारुतीपाशी जरूर थांबा. नदीपात्रातच उभी असलेली शेंदरी मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना तोंड. आम्ही नाशिककर पूर याच्यावर मोजतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सुटलं याच्याशी कुणाला फारसं घेणं नसतं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला आलं का, छातीपर्यंत पोचलं का, एवढंच एकमेकांना विचारतात. डोक्यावरून पाणी गेलं म्हणजे महापूर. उन्हाळ्यात त्याच्या पायथ्याशी उभं राहून मान वर करून बघा, म्हणजे पुराच्या बातमीतलं पाणी किती उंचीचं असतं ते कळेल. तुमचं येणं जुलै ते सप्टेंबरमध्ये असेल आणि विसर्ग चालू असेल, तर मात्र पुलावरूनच पाहायचं, खाली उतरायचं नाही.

रामकुंडाहून काळाराम मंदिर पायी दहा मिनिटांवर आहे. वाटेत शनी चौक लागतो. तिथे रस्त्याच्या खाली एक रहाड आहे, म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी बांधणीचा रंगाचा हौद. एरवी ती बुजवलेली असते, वरून माणसं आणि गाड्या जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंग कालवतात आणि मग तरुण पोरं वरून त्यात धप्पा मारतात. तिवंधा आणि दिल्ली दरवाजा भागातही रहाडी आहेत. प्रत्येकीचा रंग ठरलेला. पुढे कधी होळीच्या सुमाराला येणं झालं तर रंगपंचमी गाठा. नाशकातला याहून मोठा फुकटचा सोहळा मला माहीत नाही.

काळाराम मंदिराला निदान एक तास द्या. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेलं हे देऊळ. दगड रामशेजच्या डोंगरातला, असं सांगतात. लोक दर्शन घेऊन लगेच निघतात. तुम्ही कडेच्या ओवऱ्यांमध्ये बसा. भिंतीला पाठ टेकून समोर पाहिलं की काळ्या शिखराचा एकेक थर वर कसा निमुळता होत जातो ते दिसतं. सभामंडप मुख्य देवळापासून सुटा आहे आणि तिथला मारुती थेट रामाकडे बघतो. मंडपाच्या खांबांमधून गाभाऱ्याची रेघ धरून पाहा, बांधणाऱ्याने काय साधलंय ते लक्षात येईल.

आणि याच देवळाच्या दरवाजांवर २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड त्याचे इथले पुढारी. दरवाजे बंद केले गेले, सत्याग्रही बाहेर बसून राहिले, आणि हे पुढे काही वर्षं चाललं. १९३५ साली नाशिक जिल्ह्यातच, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मी माझ्या प्रत्येक गटाला आत नेण्याआधी दरवाजाबाहेर थांबवते आणि हे सांगते. तुमची मुलगी दहा वर्षांची आहे, तिला हे पुरतं कळेल. ज्या उंबऱ्यावरून आपण सहज आत जातो तिथे माणसांना अडवलं होतं, हे त्या उंबऱ्यावर उभं राहूनच सांगावं असं मला वाटतं.

सीता गुंफा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पाच वडांपाशी. आत वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं आणि शनिवारी रांग मोठी असते. सासूबाईंना नेऊ नका. बाहेर वडाच्या सावलीत त्या बसतील, मुलीला हवं असेल तर तुम्ही दोघी जाऊन या. तपोवनही याच बाजूला आहे, कपिला-गोदावरीचा संगम आहे, पण एका दिवसात ओढाताण होत असेल तर ते सोडलं तरी चालेल.

जेवणाचं म्हणाल तर पंचवटीत साध्या थाळ्या मिळतात. पण नाशकात येऊन मिसळ न खाता जायचं नाही. तुमच्याकडच्या तर्रीची सवय असेल तर इथला काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा वाटेल, तिखटापेक्षा मसाल्याच्या अंगाने जाणारा. सोबत पाव, दही आणि भाजलेला किंवा तळलेला पापड. रस्सा बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. गावाबाहेर शेतात, झोपाळे टांगून, चुलीवरच्या मिसळीची मोठमोठी ठिकाणं झाली आहेत. मुलांना ती आवडतात, पण तिथवरचं रिक्षाभाडं मिसळीपेक्षा जास्त पडतं आणि रविवारी सकाळी नंबर लावून बसावं लागतं. गावातल्या छोट्या दुकानातली मिसळ खा, चवीत काही कमी पडत नाही. घरी न्यायला कोंडाजी चिवडा घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये येत असाल तर हातगाडीवरची द्राक्षं घ्या, आधी एक मणी चाखून मग. गोडाला बुधा हलवाईची जिलबी.

दुपारी दोन-तीन तास खोलीवर पडा. हे मी आळसाने सांगत नाहीये. म्हातारी माणसं सोबत असताना दुपार रेटली की संध्याकाळ वाया जाते, आणि नाशकातली संध्याकाळ वाया घालवण्यासारखी नाही.

चारच्या सुमाराला अहिल्याबाई होळकर पूल ओलांडून जुन्या नाशकात या. जुनी माणसं अजून याला व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. पुलाच्या टोकाला सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ मधलं. तिथून रविवार कारंजा, चांदीचा गणपती, आणि मग सराफ बाजार. सराफ बाजारात सरकारवाडा आहे, पेशवेकाळातला मोठा वाडा, आता राज्य पुरातत्त्व खात्याकडे. आत जाता आलं तर जा, नाही तर समोरच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याचे लाकडी खांब आणि कोरीव काम पाहा. पण माझ्या मते या भागातली खरी मजा भांडी बाजारात आहे.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वापार नावाजलेली. दुकानांच्या पुढे पातेली, घागरी, समया, देवाच्या उपकरण्या रचलेल्या असतात. मागच्या गल्ल्यांत अजून काही तांबट हाताने काम करतात. मठारकाम चालू असेल तर थांबून बघाच. तांब्याचा हंडा लोखंडी खोड्यावर धरलेला असतो, तांबट एका हाताने तो बोटभर फिरवतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचा एक ठोका घालतो. पुन्हा फिरवतो, पुन्हा ठोका. ठोके एकमेकांना चिकटून, सारख्या अंतरावर, सरळ ओळीत. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते. ते खवले नुसते शोभेचे नसतात. यंत्रावर उठवलेल्या नक्षीत सगळे खवले एकसारखे असतात, हाताच्या कामात बारीक फरक दिसतो. भांडं आडवं धरून उजेडात फिरवलं की ओळखता येतं. विकत घ्यायलाच हवं असं नाही. कारागिराला त्याच्या कामाबद्दल नीट विचारलं तर तो आनंदाने सांगतो, फक्त फोटो काढण्याआधी विचारा. घ्यायचं झालंच तर पितळेचं छोटं फुलपात्र घ्या. भांडी इथे वजनावर मिळतात, त्यामुळे भाव आधी विचारला की फसायला होत नाही.

सूर्यास्ताच्या आधी परत रामकुंडावर. रोज संध्याकाळी गोदावरीची आरती होते, तिला तिकीट वगैरे काही नाही. अगदी पुढे जाण्यापेक्षा समोरच्या काठाच्या पायरीवर बसा, वडीलधाऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळते आणि दिवे पाण्यासकट दिसतात. मे महिन्यात आलात तर याच घाटावर, देवमामलेदार यशवंत महाराज पटांगणात, वसंत व्याख्यानमाला चालू असते. रोज एक व्याख्यान, कुणीही येऊन बसावं. दिवाळीत आलात तर पिंपळपारावरची पाडवा पहाट, पहाटेच्या अंधारात शास्त्रीय गाणं. रामनवमीनंतरच्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, रथ ओढायला सारं गाव लोटतं. हे सगळं विनामूल्य आहे. म्हणून तारीख हातात असेल तर आधी पंचांग बघून या. याउलट सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत स्नानासाठीच यायचं नसेल तर येऊ नका. तेव्हा रस्ते बंद असतात आणि खोल्यांचे भाव हाताबाहेर जातात.

आता रविवार. इथे तुम्हाला घरात बसून ठरवावं लागेल: त्र्यंबकेश्वर, की लेणी आणि सिन्नर.

सासू-सासऱ्यांना ज्योतिर्लिंगाचं दर्शन हवंच असेल तर वाद घालू नका, त्र्यंबकला जा, पण मग रविवार संपूर्ण त्याचाच समजा. अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे, एसटीने जाता येतं. सुटीच्या दिवशी मोफत दर्शनाच्या रांगेत तासन् तास जातात. २०० रुपयांचं देणगी दर्शन आहे, चौघांचे पैसे मोजून ठरवा. पहाटेची पहिली एसटी धरली तर फुकटच्या रांगेतही बरंच लवकर सुटता. दर्शनानंतर कुशावर्त कुंड पाहा. ब्रह्मगिरी चढायचा विचार या खेपेला करू नका.

माझं मत विचाराल तर मी लेणी आणि सिन्नर सांगेन. पांडवलेणी मुंबईच्या हमरस्त्यालगत, त्रिरश्मी डोंगरावर आहेत. पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस घ्या, फाट्यापासून पायथा थोडाच पुढे आहे. पायथ्यालाच दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध विहार आहे. वर जायला साधारण दोनशे पायऱ्या आहेत, चांगल्या बांधलेल्या. सासूबाईंना नाही जमलं तर त्या सासऱ्यांसोबत खाली विहारात शांतपणे बसतील. पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. जागतिक वारसा दिनी, म्हणजे १८ एप्रिलला, सगळ्यांनाच मोफत असतं. सकाळी लवकर जा, पाणी खालून न्या. कपारींत मधमाश्यांची मोहोळं असतात, म्हणून आरडाओरडा आणि उग्र अत्तर नको.

चोवीस लेण्यांत सगळीकडे डोकावू नका, थकून जाल. क्रमांक ३, १० आणि १८ नीट बघा. अठरावं म्हणजे चैत्यगृह, आत स्तूप. दहावं नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाने, उषवदाताने, कोरवून घेतलं. त्याच्या ओसरीतल्या ब्राह्मी शिलालेखात चक्क मुदत ठेवीचा हिशेब आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक दराने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. इथे पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी माणशी बारा कार्षापण द्यायचे. मुलीला तिथेच गणित घाला: २,००० वर दरमहा वीस, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजेही २४०. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पै-पैशाला जुळतो. मी शाळेची मुलं नेते तेव्हा या लेखासमोर जो आवाज होतो तो कुठल्याच मूर्तीसमोर होत नाही.

तिसरं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने दान दिलेलं. तिने मुलाबद्दल कोरवून ठेवलंय की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, आणि त्याने क्षहरात वंश निःशेष केला. क्षहरात म्हणजे नहपानाचाच वंश. म्हणजे हरलेल्या घराण्याचं लेणं आणि जिंकलेल्या राजाच्या आईचं लेणं एकाच डोंगरात, काही पावलांच्या अंतरावर. भिक्खू मात्र दोन्हीकडे राहत होते. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा शिक्का पुन्हा मारला. तशी हजारो नाणी १९०६ साली इथल्याच जोगलटेंभी गावात सापडली. तिसऱ्या लेण्याच्या पुढच्या बाजूला खाली वाकून पाहा, सगळं ओझं खांद्यावर घेतलेले यक्ष दिसतील.

दुपारी खोली सोडून सामानासकट नाशिक रोडला या आणि तिथून सिन्नरची एसटी धरा. पुणे रस्त्यावर असल्याने गाड्या सारख्या असतात, आणि संध्याकाळी परत स्टेशनला यायला हाच रस्ता. म्हणूनच ही जोडी मी सुचवते, एकही फेरी फुकट जात नाही. सामान जड असेल तर ते गोंदेश्वरापर्यंत ओढू नका, स्टेशनजवळच ठेवायची सोय आधी बघा.

गोंदेश्वर यादवकाळातलं पंचायतन आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांत छोटी देवळं, समोर नंदीचा मंडप, आणि सगळं एका उंच जोत्यावर. तिकीट नाही, रांग नाही, पायऱ्या मोजक्या, आजूबाजूला मोकळं पटांगण. सासूबाईंना या दोन दिवसांत सगळ्यात सुखाची जागा हीच वाटेल. मुख्य देवळाभोवती एक फेरी पायथ्याचे हत्ती बघत घाला, दुसरी फेरी शिखराकडे बघत. छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. चार-साडेचारनंतर ऊन तिरपं झालं की कोरीव काम जास्त उठून दिसतं, म्हणून दुपारी बाराला जाऊ नका.

परत नाशिक रोडला आल्यावर गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळ मुक्तिधाम आहे. पांढऱ्या मकराना संगमरवराचं, आत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, भिंतींवर गीतेचे अध्याय. संध्याकाळी फार उशीर केलात तर बंद मिळेल. त्र्यंबक राहिलं म्हणून सासू-सासऱ्यांच्या मनाला रुखरुख असेल तर इथे जरूर न्या, फलाटावर बसून राहण्यापेक्षा तो तासभर चांगला जातो.

येण्याचा महिना कळवा. पावसाळ्यात येत असाल तर सिन्नरऐवजी सोमेश्वरचा धबधबा सांगेन, आणि त्यासाठी बसचा बेत थोडा बदलावा लागेल.